ब्रिडीच्या टर्फसाठी बंपर

डब्लिनच्या विमानतळावर मुलगा मला घ्यायला आला, तेव्हा त्याच्या गाडीला नाक नव्हतं. दिवे होते, जाळी होती, आणि खाली जिथे बंपर असायला हवा तिथे चॅसिसची दोन लोखंडी टोकं उघडी पडली होती. नंबरप्लेट तारेनं बांधलेली. नागपूरहून मुंबई, मुंबईहून लंडन आणि तिथून इथवर येईतो माझे पाय सुजले होते. नातवंडं कधी हा प्रश्न, सुनेची खुशाली, हे सगळं बाजूला राहिलं आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं :

"काऊन रे आशू, कोणाले ठोकून आला?"

"नाही गं आई. मीच काढलाय. नवीन बनवतोय."

"बनवतोय म्हणजे? दुकानात भेटत नाही का?"

"ह्या मॉडेलला नाही मिळत. आणि मला त्याच्यावर विंच बसवायचाय."

विंच म्हणजे मोटरवर फिरणारा रहाट. गाडीच्या तोंडाशी बसवतात, त्यावर पोलादी दोर गुंडाळलेला असतो, आणि चिखलात रुतलेली वस्तू तो ओढून काढतो. कारखान्यातून येणारा बंपर पत्र्याचा असतो. त्यावर विंच लावला तर रुतलेली वस्तू तिथेच राहते आणि बंपर निघून येतो. म्हणून जाड लोखंडाचा, थेट चॅसिसला बोल्टांनी आवळलेला बंपर लागतो. ही माहिती मला गॉलवेपर्यंतच्या तीन तासांच्या रस्त्यात मिळाली. मी विचारली नव्हती.

आशू गॉलवेच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. आठवडाभर तो हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायच्या नाजूक नळ्या भिंगाखाली तपासतो. असा माणूस शनिवारी जाड लोखंड कापायला का जातो, हे मला विचारावं लागलं नाही. मी जन्मभर पोस्टाच्या काउंटरवर बसले, आणि रविवारी मीही कधी कोणाला पत्र लिहिलं नाही.

बाहेर पाऊस होता. आयर्लंडचा पाऊस पडत नाही, नुसता असतो. गावामागून गावं गेली, प्रत्येकात एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि रंगीत दारांची रांग. मधे हिरवी कुरणं आणि दगडावर दगड रचलेल्या बुटक्या भिंती. मातीनं न लिंपलेल्या त्या भिंती इतक्या वाऱ्यात उभ्या कशा राहतात कोण जाणे. आशू म्हणाला, भोकं असतात म्हणून राहतात, वारा आरपार जातो.

माझ्या येण्यामागे कारण होतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. फेब्रुवारीत मी नागपूरच्या घरी गच्चीच्या जिन्यावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून आशूनं धोशा लावला होता, घर विकून टाक आणि इकडे ये. तीन महिने राहून बघ, असं म्हणून त्यानं तिकीट पाठवलं. नागपुरातल्या एका दलालाशी तो फोनवर बोललाही होता. मी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. काउंटरवरची सवय, रांग पुढे सरकेपर्यंत बोलायचं नाही.

आशूचं घर गॉलवेच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर, एका उतारावर आहे. सून गायत्री शहरातल्या रुग्णालयात डॉक्टर. तिच्या ड्यूट्या अशा, की एकाच घरात राहून आम्ही एकमेकींना चिठ्ठीनंच भेटायचो. "आई, पोहे प्रेसमध्ये आहेत" ही पहिली चिठ्ठी. प्रेस म्हणजे इकडे भिंतीतलं कपाट, हे कळेपर्यंत मी इस्त्रीपाशी पोहे शोधत होते.

शेजारी एकच घर, चुना लावलेलं, आणि त्याच्या धुराड्यातून जुलै महिन्यातही धूर निघत होता. त्या धुराचा वास आला आणि मी अंगणात थांबले. गोवऱ्यांचा नव्हे, पण गोवऱ्यांच्या भावकीतला.

"ते ब्रिडीचं घर," आशू म्हणाला. "आणि तो टर्फचा वास. हा बंपर तिच्यासाठीच चाललाय."

टर्फ (दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली काळी माती; जळण म्हणून वापरतात) हे नाव मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. ब्रिडीची ओळख दुसऱ्या दिवशी झाली. पंचाहत्तरीच्या पुढची, माझ्याहून हातभर उंच, पायात गमबूट आणि केसांना नीट वळण. तिनं चहाला बोलावलं. मी रीतीप्रमाणे "नको, आत्ताच झाला" म्हटलं. ती म्हणाली, "घेशील गं, घेशील," आणि किटली ठेवली. मी पुन्हा नको म्हटलं, तिनं कप मांडले. तिसऱ्यांदा मी नको म्हणायच्या आत ब्रेडला लोणी लागलं होतं. आग्रहाची ही पद्धत मला नागपुरात अर्ध्या तासाची पडते. तिनं दोन मिनिटांत उरकली. चहा मात्र आपल्यासारखाच, काळाकुट्ट उकळलेला आणि दूध सढळ. ब्रेड सोड्यावर फुगवलेला, भुरकट, खरबरीत, लोण्याशिवाय घशाखाली न उतरणारा.

"तुझा मुलगा सोन्यासारखा आहे, सुमन," ती म्हणाली. इकडे सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात. माझ्या सासऱ्यांनी कधी घेतलं नाही ते नाव तिनं पहिल्या भेटीत घेतलं. मला आवडलं.

मग तिनं आपली अडचण सांगितली. जशी आहे तशी, हवापाण्याची बातमी सांगावी तशी. तिच्या घराला ऊब देते ती फक्त टर्फची चूल. स्वयंपाक, गरम पाणी, सगळं तिच्यावर. हिवाळ्याचा टर्फ दलदलीत तिच्या वाट्याच्या पट्ट्यावर कापून पडलेला. पण उन्हाळा इतका ओला, की तो वाळायला तयार नाही, आणि पट्टा इतका आत, की गेल्या वर्षी तिथे गेलेला ट्रॅक्टर चाकांपर्यंत बुडाला. आता कोणी ट्रॅक्टरवाला यायला राजी नाही. विकत घ्यावा तर सगळ्यांचाच ओला. तिची मुलगी नोरीन डब्लिनला, बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात कामाला. तिनं निक्षून सांगितलं होतं, सप्टेंबरअखेर टर्फ घरात आला नाही तर घराला कुलूप आणि ब्रिडी डब्लिनच्या फ्लॅटमध्ये.

"तेलाचा हीटर का नाही लावत?" मी विचारलं.

"लावला असता. पण त्याच्यासमोर बसून बोलायचं कोणाशी?"

हिवाळ्यात एकदा डब्लिनला गेलं, की तिच्या वयाचं माणूस परत येत नाही, हेही तिनंच सांगितलं. मग ब्रेडचा दुसरा तुकडा माझ्या बशीत ठेवला.

त्या शनिवारी आम्ही दलदल बघायला गेलो. बॉग म्हणतात तिला. क्षितिजापर्यंत तपकिरी, सपाट, मधेमधे काळ्या पाण्याची डबकी. त्यावर पांढरे बोंड फुटल्यासारखं गवत वाऱ्यानं हलत होतं. वऱ्हाडात वाढलेल्या बाईला कापसाचं शेत दिसणारच. मी जवळ जाऊन एक बोंड खुडलं, चार केस निघाले. सरकी नाही, काही नाही. पाय टाकला की जमीन थरथरायची. ब्रिडी मात्र तिच्यावरून घरच्या ओसरीत चालावं तशी चालली, आणि वाकून एकेक ओली वीट दुसरीला टेकवून उभी करत गेली, म्हणजे मधून वारा जाईल. मीही डाव्या हातानं लागले. तासाभरात कंबर मोडली. ती माझ्या पुढे बरीच होती.

बंपरचं काम मार्टिनच्या गोठ्यात चालायचं. मार्टिन हा ब्रिडीच्या वारलेल्या नवऱ्याचा पुतण्या, पन्नाशीचा, गायी पाळतो आणि गावातली नळकामंही करतो. त्याच्याकडे वेल्डिंगचं यंत्र होतं आणि बोलायला वेळ होता. त्याच्या बोलण्यात "युअर मॅन" सारखा यायचा (युअर मॅन म्हणजे कोणीही तिसरा माणूस, आपला कोणी नव्हे). युअर मॅननं जुना विंच जाहिरातीत विकायला काढला, युअर मॅननं जाड प्लेट दिली. बरेच दिवस मला वाटत होतं हा एकच उदार गृहस्थ आहे.

आशूनं आधी पुठ्ठ्याचे साचे कापले. प्रत्येक तुकडा पुठ्ठ्याचा करून गाडीला धरून बघायचा, खडूनं खूण करायची, मग तोच आकार लोखंडात कापायचा. ग्राइंडरच्या ठिणग्या शेणावर पडून विझायच्या. मधे विंच बसवायचा खण, दोन बाजूंना चॅसिसला जोडायच्या पट्ट्या, कोपऱ्यांत त्रिकोणी आधार, पुढे दोर सरकायला रोलर. माझं काम हातमोजे घालून प्लेट धरण्याचं आणि चुका सांगण्याचं.

"वाकडं आहे," मी म्हणायची.

"दोन एमएम असेल आई. चालतं."

"तुझ्या नळ्यांत चालते का?"

तो निमूट वेल्ड तोडायचा. मार्टिन म्हणायचा, "ग्रँड आहे, एकदम ग्रँड." त्याला सगळंच ग्रँड होतं. एकदा आशूनं उजवी पट्टी डावीकडे जोडली तेही ग्रँड होतं. दोघांची जोडी चांगली होती, एक काळजी करणारा आणि एक न करणारा. पण मला दोघांवर लक्ष ठेवावं लागे. घरी आशू मला पाणीसुद्धा भरू द्यायचा नाही, "आई, तू बस." गोठ्यात मात्र "आई, धर." मला गोठा बरा वाटे.

ऑगस्ट सरता सरता बंपर उभा राहिला. गेरव्या रंगाचा हात, त्यावर काळा रंग. गाडीला लावला तेव्हा जीपला नुसतं नाक नव्हे, चांगला जबडा आला. विंच त्याच्या खणात बसला. त्याच्या डोक्यावर एक काळा डबा असतो. हातातलं बटण दाबलं, की बॅटरीची वीज त्या डब्यातून मोटरला जाते. त्या डब्याच्या झाकणाखाली रबराची पट्टी बसवायची तेवढी राहिली होती. झाकण नुसतंच वर ठेवलं होतं.

आता नवं वाहन म्हटलं, निदान नवं नाक म्हटलं, म्हणजे पूजा आली. हळदकुंकू मी नागपूरहून आणलंच होतं. गॉलवेच्या एशियन दुकानातून आशूनं नारळ आणला. मी बंपरवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली. मार्टिन टोपी काढून उभा राहिला. ब्रिडी स्वतःचं पाणी घेऊन आली, तीर्थक्षेत्राहून आणलेलं, छोट्या बाटलीत. तिनं ते बंपरवर शिंपडलं आणि क्रूसाची खूण केली. आमच्याकडे गंगाजल असतं, मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग दोघांचं होऊ दे, लोखंड जाड आहे.

नारळ फोडायचा तो चाकापुढे, जमिनीवर किंवा दगडावर. पण मार्टिनच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे शेणाचा चिखल. देवाचा नारळ शेणात कसा फोडायचा? गाईचं शेण पवित्र हे खरं, पण ते सारवलेलं. हे पातळ होतं. तिथे एकच वस्तू कोरडी, स्वच्छ आणि कठीण होती, ती म्हणजे खुद्द बंपर. माझं मनगट अजून कच्चं, म्हणून नारळ मार्टिनच्या हाती दिला.

"किती जोरात?" त्यानं विचारलं.

"एका दणक्यात फुटला पाहिजे," मी सांगितलं. "दोन लागले तर बरं नसते."

आशूनं हात जोडून डोळे मिटले, मीही मिटले. दणका बसला. डोळे उघडले तर नारळाची बरोबर दोन भकलं झालेली, मार्टिनचा चेहरा ओला आणि सगळीकडे पाणी उडालेलं. सगळ्यांना खोबरं-साखर वाटली. ब्रिडी चावून म्हणाली, "हे केकवर घालतात तेच का? मला वाटायचं ते कारखान्यात करतात." आमच्यापैकी इंजिनिअर एक, नळकाम करणारा एक, आणि नको तिथे नाक खुपसणारी एक, पण पाणी कुठे गेलं हे कोणी पाहिलं नाही.

त्यानंतर पुरत्या दोन आठवड्यांनी दलदल थोडी कोरडी झाली. टर्फ वाळून हलका झाला होता. ब्रिडीनं आणि मी तो पोत्यांत भरला होता, आणि पोती तिच्या पट्ट्यावर ओळीनं उभी होती. रेडिओनं सांगितलं, शनिवार कोरडा, रविवारपासून पाऊस. पाऊस लागला की महिनाअखेरपर्यंत दलदलीत जाता येणार नव्हतं, आणि रविवारीच नोरीन टर्फ बघायला येणार होती. म्हणजे शनिवार गेला की ब्रिडी गेली, इतकं सरळ होतं.

सकाळी गेलो. बेत असा : जीप कच्च्या रस्त्याच्या टणक कडेवर उभी करायची, मागून साखळीनं एका धोंड्याला बांधायची. मार्टिनच्या जुन्या मोटारीचं बॉनेट उलटं करून त्याची घसरगाडी. तिला विंचचा दोर बांधायचा, दोर लांब पडावा म्हणून पुढे आणखी एक जोडायचा, आणि पोती लादून दलदलीवरून रस्त्यापर्यंत ओढून आणायची. मी गायत्रीचे गमबूट घालून, तांबडी ओढणी हातात घेऊन मधे उभी, थांब म्हणायची वेळ आली की ती हलवायची.

पहिली खेप लादली. मार्टिननं हात वर केला. आशूनं बटण दाबलं. डब्यातून टिक् असा आवाज आला आणि पुढे काही नाही. पुन्हा टिक्. मग टिक् पण नाही.

आशू आधी बॅटरीपाशी गेला, मग वायरींपाशी. मार्टिन चिखलातून परत आला. ब्रिडी पोत्यावर बसून राहिली आणि आभाळाकडे बघत राहिली. पश्चिमेला काळं व्हायला लागलं होतं. तिनं हात मांडीवर ठेवले होते आणि अंगठ्यानं अंगठा चोळत होती. मला तिच्याकडे बघवेना. इतका उन्हाळा राबून एका टिक्वर सगळं संपायचं, याचा मला संताप आला, आणि कोणावर काढावा ते कळेना.

"डबा उघडतो," आशू म्हणाला.

झाकण उचललं. आत तांब्याच्या टोकांवर हिरवी बुरशी आल्यासारखा थर, सगळं चिकट.

"पाणी गेलंय," मार्टिन म्हणाला, आणि मग हळूच ब्रिडीकडे पाहिलं. आशूनंही पाहिलं. मीही.

"माझे चार थेंब होते," ब्रिडी म्हणाली.

आशूनं स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं कोपऱ्यातून काहीतरी उचकटून काढलं आणि तळहातावर माझ्यापुढे धरलं. नखाएवढा, पिवळा पडलेला खोबऱ्याचा तुकडा.

मग मार्टिन म्हणाला, "बरं झालं. तुझं पाणी निघालं असतं तर फादरला काय सांगितलं असतं, ब्रिडी?" ब्रिडी हसायला लागली, थांबेचना. मला हसू येत नव्हतं. देवाला दिलेलं देवानं तिथेच ठेवून घेतलं होतं. नारळाच्या पाण्यात मीठ, डब्यात जिवंत वीज. दोन आठवडे ते तांबं खात बसलं होतं. हे आशूनं मला समजावून सांगितलं, शांतपणे, जशी लहानपणी मी त्याला बेरीज समजावत असे. तोही हात जोडून उभा होता, ही गोष्ट मी काढली नाही.

नवा डबा शनिवारी मिळणं शक्य नव्हतं. ब्रिडीनं चहासाठी किटली आणली होती आणि टर्फच्याच तुकड्यांवर पाणी उकळत होतं. आशूनं बॅटरी सोडवली, ते गरम पाणी कपड्यानं हळूहळू फिरवून डबा धुतला. मी पर्समधून नखं घासायची कानस काढली. ती मी आयुष्यात दोनदा वापरली असेन. त्या कानशीनं आशूनं एकेक टोक घासून लाल केलं. मग माझ्या तांबड्या ओढणीनं सगळं कोरडं पुसलं आणि मार्टिननं आपल्या गाडीचा हीटर लावून डबा त्याच्यापुढे धरला. तोवर आम्ही उरलेल्या पाण्याचा चहा प्यायलो. नाकात धूर, पायाखाली थरथरती जमीन, हातात गरम कप. एवढा चांगला चहा मी कधी प्यायले नव्हते, आणि तेव्हा तर काहीच ठरलेलं नव्हतं.

दुपारी परत जोडलं. आशूनं बटण दाबलं. दोर ताणला गेला, जीप पुढे दबली, साखळी करकरली. बंपरकडे मी नुसती टक लावून होते. माझ्या हातानं धरलेली प्लेट त्यात होती. तो हलला नाही. बॉनेट दलदलीवरून सरकत आलं, पोत्यांसकट, म्हशीनं डबक्यातून उठून यावं तसं सावकाश. ब्रिडीनं पहिलं पोतं स्वतः उचललं. मार्टिन म्हणाला, ठेव ते. तिनं ठेवलं नाही.

अंधार पडायच्या आत सगळी पोती तिच्या मागच्या शेडमध्ये होती. शेवटच्या खेपेला पाऊस सुरू झाला होता.

नोरीन रविवारी आली. नीटनेटकी, थकलेली, हॉटेलात दिवसभर हसावं लागणाऱ्या बायकांसारखी घरात न हसणारी. शेडचं दार उघडून तिनं छतापर्यंत रचलेली पोती पाहिली. बराच वेळ पाहिली. मला वाटलं चिडेल.

"जानेवारीत हे घरात कोण आणून देणार?" तिनं विचारलं.

"मी," मार्टिन म्हणाला.

"मी पण," आशू म्हणाला.

नोरीननं आईचे हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितले. तळव्यांना फोड आले होते. "तू कधी ऐकशील?" ती म्हणाली. पण कुलपाची गोष्ट तिनं काढली नाही, आणि ब्रिडीनं किटली ठेवली.

पुढच्या आठवड्यात माझं परतीचं विमान होतं. ब्रिडीनं फाटकापाशी मला मिठी मारली. अशी सवय मला नाही. मी लाकडासारखी उभी राहिले आणि मग मीही धरलं. डब्लिनच्या वाटेवर पुन्हा तीच गावं, तीच दारं. अर्धा रस्ता झाल्यावर आशूनं विचारलं, "मग घराचं काय ठरवलंस, आई?"

रांग पुढे सरकली होती. बोलायला हवं होतं.

"ब्रिडी तिच्या घरात राहावी म्हणून तू अख्खा उन्हाळा लोखंड कापलं," मी म्हटलं. "माझं घर मात्र तू फोनवर विकून राहिला होता."

वायपर चालत राहिले. एक गाव गेलं, दुसरं गेलं.

"ब्रिडीनं मला सांगितलं, तिला टर्फ घरी हवाय," तो म्हणाला. "तू सांगितलंस कधी, तुला काय हवंय? हात मोडला तेसुद्धा मला शेजारच्या काकांकडून कळलं."

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला. विमानतळापर्यंत मी खिडकीबाहेरच्या दगडी भिंती मोजायचं सोंग केलं. निघताना त्यानं वाकून नमस्कार केला, मी पाठीवर हात ठेवला, आणि दोघांनीही तो विषय तिथेच टाकला.

नागपुरात उतरले तेव्हा पावसाळा संपत आला होता आणि उकाडा परतला होता. ओळखीचे लोक विचारतात, आयर्लंडला काय पाहिलं? समुद्राचे कडे पाहिले का, किल्ले पाहिले का? मी सांगते, एक गोठा पाहिला, एक दलदल पाहिली आणि एका बाईचं घर पाहिलं. त्यांची निराशा होते. पण मला वाटतं मी पुष्कळ पाहिलं. एकटं राहणं आणि कोणाला न सांगणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ब्रिडीला शिकवावं लागलं नव्हतं. ती एकटी राहत होती आणि अख्ख्या गावाला कामाला लावत होती. मी एकटी राहत होते आणि सगळं ठीक आहे म्हणत होते.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकी बघायला गच्चीवर निघाले. तोच जिना, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. चार पायऱ्या चढून थांबले, खाली आले आणि गॉलवेला फोन लावला.

"आशू, जिन्याले कठडा नाही. मले पाहिजे. लोखंडी. तूच करून दे."

मग त्याचा गोठ्यातला आवाज आला. "पायऱ्या किती आहेत? रुंदी किती? थांब आई, कागद घेतो, मोजून सांग."

"मी नाही मोजत," मी म्हटलं. "येऊन मोज."